जागा दाखवणारा

या, अशा जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे. बुवांचा चहा व्हायचाय आणि तबलजीची हातोडी अजून थांबलेली नाही. तेवढ्यात मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. बुवांच्या आख्यानासारखी रंगणार नाही. मी आपली बुवांच्या मागे उभी राहून झांज वाजवणारी बाई. पण सांगेन ते या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि सांगून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणं मागेन. तेवढं द्या.

रामनवमीची सकाळ होती. याच सभामंडपात खांबांना झेंडूच्या माळा चढत होत्या, पाळण्याला मोगऱ्याचे गजरे बांधणं चाललं होतं, आणि मी रामापुढे मोबाईल धरून उभी होते. पडद्यावर एक चाक गरगरत होतं. खाली ओळ यायची, 'आयपी पत्ता मिळवत आहे.' मग यायचं, 'जोडले.' आणि लगेच, 'इंटरनेट नाही.' की पुन्हा चाक.

"काय म्हणतंय वो बाई ते?" धोंडीराम गुरवानं विचारलं. तो शिडीवर होता, हातात आंब्याचं तोरण.

"पत्ता शोधतंय."

"कुणाचा?"

"स्वतःचाच."

"म्हणजे त्याचं त्यालाच ठावं न्हाई कुठं ऱ्हातंय? आमच्या जावयागत झालं की."

पाळण्यापाशी बसलेल्या बायका खुदखुदल्या. एरवी मीही हसले असते. पण त्या दिवशी हसायला सवड नव्हती. रामजन्म दुपारी बाराला, आणि त्याच्या आत हे चाक थांबून चित्र मिरजेला पोचायला हवं होतं. मिरजेच्या दवाखान्यात अप्पा होते.

अप्पा म्हणजे आमचे पेटीवाले. या देवळात रामजन्माचं कीर्तन अप्पांच्या पेटीशिवाय झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं. कितीतरी बुवा आले आणि गेले, पेटीवर अप्पाच. बुवांचा आवाज फाटायला लागला की अप्पांची बोटं अलगद वर सरकायची आणि बुवांना उचलून धरायची. ऐकणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. त्या वर्षी मात्र त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी अंबूकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरी न्या किंवा इथे ठेवा, फरक पडणार नाही. अप्पांना कोणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी काकूंकडे एकच मागितलं. "मला यंदाचा रामजन्म ऐकव. डोळ्यांनी बघायलाही मिळाला तर बघतो."

म्हणून ही खटपट. मी तालुक्याच्या कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, तेव्हा देवळाच्या इंटरनेटचं काही अडलं की गाव माझ्याकडे बघायचं. देऊळ नदीच्या खोलगटात, भिंती हातभर जाड दगडाच्या. मंडपात मोबाईलला रेंज म्हणून नाही. बोलायचं तर घाटाच्या वरच्या पायरीवर जावं लागतं. म्हणून उत्सवाच्या तोंडावर काचेच्या तारेची, फायबरची, नवी जोडणी घेतली होती. कंपनीचा माणूस आदल्या संध्याकाळी आला, कचेरीच्या दारावर नवा राउटर ठोकला, आपल्या लॅपटॉपवर बघून "चालू आहे मॅडम" म्हणाला आणि पुढच्या गावी पळाला.

आणि आता चालू नव्हतं.

नाही, नीट सांगते. कचेरीच्या दाराशी उभी राहिले की चालायचं. रामापुढे आले की चाक गरगरायचं. आणि कॅमेरा रामापुढेच हवा होता. मी मनाशी म्हटलं, भिंत आडवी येत असेल. पण मध्ये भिंत नव्हतीच, मोकळा मंडप होता. नवा राउटर बंद करून चालू केला. मोबाईल बंद करून चालू केला. जोडणी विसरायला लावली, पुन्हा जोडली. पत्ता हातानं घालून पाहिला. काही उपयोग नाही. घाटावर जाऊन कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर त्याचा बंद.

तिथेच काकूंचा फोन आला.

"वैजू, झालं का गं? हे सकाळपासून विचारतायत."

"होतंय काकू. थोडं उरलंय."

"नर्सबाईंनी मोबाईल उशाला उभा करून दिलाय. डबीला टेकवून." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "कोनाडा दिसेल ना गं चित्रात? मंदारचा दिवा? मी यांना कबूल केलंय. राम पण दिसेल आणि दिवा पण दिसेल म्हणून."

"दिसेल काकू."

"बुवांना सांग, यांची पेटी सांभाळून वाजवायला सांगा म्हणावं. भात्याला जरा चीर आहे."

आता मंदारचं सांगायला हवं. तो बघा, गाभाऱ्याच्या डाव्या हाताचा कोनाडा. आज तिथे समई आहे. तेव्हा तिथे एक जुना राउटर होता, पांढरा, पिवळट पडलेला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं, रोजचं एक फूल आणि पुढच्या बाजूला एक हिरवा दिवा.

मंदार हा अप्पा-काकूंचा एकुलता मुलगा. माझा विद्यार्थी. नेटवर्कचा पहिला धडा त्यानं माझ्या प्रयोगशाळेत घेतला आणि वर्षभरात तो मला शिकवायला लागला. देवळात इंटरनेट आणलं ते त्यानं, स्वतःच्या हातानं. मंडपात अभ्यासाला बसणाऱ्या पोरांसाठी, आणि परगावच्या नातवंडांची तोंडं बघायला येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. बसवून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "मंदार, या म्हाताऱ्यांना तू हे काय म्हणून सांगणार आहेस?"

तो म्हणाला, "सोपं आहे बाई. पारण्याची पंगत असते ना? माणूस दारातून आत येतो. त्याला माहीत नसतं कुठे बसायचं. दारात एक जण उभा असतो, तो म्हणतो, या, ही तुमची जागा. मग त्या जागेवर वाढपी येतो, पान येतं, भात येतो, वरण येतं. जागाच मिळाली नाही तर वाढणार कुठे? राउटर म्हणजे तो दारातला माणूस. मोबाईल आला की त्याला जागा दाखवतो. ती जागा म्हणजेच पत्ता."

हे त्याला चटकन सुचलं, कारण तो दारातला माणूस तोच होता. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला इथे शेकडो पानं उठतात. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत दारात मंदार. "या काका, इथे बसा. आजी, तुम्ही भिंतीला टेकून. वहिनी, बाळ घेऊन या कडेला." बुवा, पेटीवाले, तबलजी यांच्यासाठी पहिल्या ओळीतली पानं तो कुणाला घेऊ द्यायचा नाही. आणि राउटरमध्येही त्यानं तसंच केलं होतं. पहिले एकशे आठ पत्ते मोकळे सोडले. मी विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, "जपमाळ देवाची. माणसं एकशे नऊपासून." मी त्याला वेडा म्हटलं होतं.

जागा दाखवणारा सगळ्यात शेवटी जेवतो, ही आमच्याकडची रीत. एका वर्षी शेवटची पंगत बसत होती. पलीकडच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या आजी जेवून निघाल्या, उन्हात पायी. मंदारनं गाडी काढली. काकूंना म्हणाला, "यांना सोडून येतोच. माझं पान मांडून ठेव." आजी घरी पोचल्या. परतताना पुलाच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर होता. काकूंनी ते पान संध्याकाळपर्यंत उचलू दिलं नाही.

पुढे टेलिफोनची जुनी तार बंद झाली. राउटर नुसताच कोनाड्यात राहिला. विश्वस्त म्हणाले, आता काढा ते खोकं. काकू माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वैजू, त्याला काही येत नसेल आता. नुसता दिवा लागतो ना? तेवढा लागू दे." मी त्यांचे हात धरून शब्द दिला होता की काकू, मी आहे तोवर मंदारचा दिवा विझणार नाही. रोज सकाळी काकू यायच्या, आधी रामाला फूल, मग त्याला.

तर आता पुन्हा त्या सकाळी या.

मी घाटावरून परत आले तेव्हा बुवा फेटा बांधत होते. मुकुंदबुवा, वयानं अप्पांच्या बरोबरीचे. मी म्हटलं, "बुवा, पूर्वरंग जरा लांबवता येईल का? अजून जोडणी होत नाही."

"लांबवतो की. तुझ्यासाठी भक्तीची नवी दोन लक्षणं शोधून काढतो." मग फेट्याचं टोक खोचत म्हणाले, "पण ताई, राम बाराला जन्मणार. त्याला थांब म्हणायची माझी छाती नाही. आणि अप्प्याला सांग, त्याच्या पेटीवर आज सांगलीचा पाहुणा आहे. काळी चारचा सूर मागितला तर एक पट्टी वर, काळी पाच देतोय. लवकर बरा हो म्हणावं."

ते हसत म्हणाले, पण पेटीकडे बघणं त्यांनी टाळलं.

गादीवर बुवांना बुक्का लागला, हार पडला, नमन सुरू झालं. त्या वर्षी पहिल्यांदा मी झांज घेतली नाही. स्टँडवरच्या मोबाईलशी झगडत राहिले. धोंडीराम मधूनमधून येऊन बघायचा.

"बाई, बाहेरच्या कर्ण्यापाशी धरा की फोन."

तेही केलं. घाटावरून काकूंना फोन लावून कर्ण्याखाली धरला. पण तिथे पिपाण्या, पाळणेवाल्यांच्या आरोळ्या, पोरांचा कल्ला. काकू म्हणाल्या, "नको गं. हे म्हणतायत जत्रा ऐकू येतेय, राम कुठंय? पेटी काही ऐकू येत नाही म्हणतायत." मागून अप्पांचा खोकला ऐकू आला. मग त्यांचा आवाज आला, तुटक तुटक. "वैजूला... घाई करू नको म्हणावं. होईल."

त्यांनी घाई कर म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

परत मंडपात आले. पूर्वरंग भरात आला होता. आता चाकाकडे बघायचं नाही, पत्ता तर मिळतोय ना, मग मिळतोय तो कुठला आहे ते बघू, असं मनाशी ठरवून मी मोबाईलच्या आतल्या पानावर गेले. आपल्याला मिळालेला आकडा तिथे लिहिलेला असतो. नवं यंत्र दोनापासून मोजायला लागतं, हे मला ठाऊक होतं. कचेरीच्या दाराशी मिळालेला आकडा पाच होता.

रामापुढे मिळालेला आकडा होता एकशे अकरा.

मी पुन्हा वाचला. धोंडीरामचा मोबाईल मागून घेतला, जोडला. एकशे बारा.

बुवांचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. माझे डोळे कोनाड्याकडे गेले. हिरवा दिवा लुकलुकत होता. एरवी तो नुसता स्थिर असायचा. कोणी जागा मागायला आलं की लुकलुकायचा.

तुम्हाला सोपं करून सांगते. नव्या राउटरचं नाव आणि जुन्याचं नाव एकच ठेवलं गेलं होतं, 'राममंदिर', आणि दोन्ही सगळ्यांना खुले. मोबाईल त्या नावानं हाक मारत होता. रामापुढे उभं राहून हाक मारली की जवळचा आधी ओ द्यायचा. जवळचा म्हणजे मंदारचा. तो जागा दाखवत होता, अगदी नेमानं, जपमाळ सोडून एकशे नऊपासून. पण त्याच्या पंगतीत वाढायला कोणी नव्हतं. त्याची तार कधीच तुटली होती. आलेला प्रत्येक जण त्याच्याकडे जागेवर बसून राहत होता, रिकाम्या पानापुढे. आणि तो आपला दारात उभाच, या, इथे बसा.

"धोंडीराम," मी दबक्या आवाजात विचारलं, "काल त्या माणसानं नव्याला जुनंच नाव कशाला दिलं?"

धोंडीराम तोरणाची उरलेली पानं चुरगाळत बसला.

"अरे बोल की."

"मी मोडता घातला न्हाई बाई. मला बी बरंच वाटलं ते. आता आपला जुना राम झिजला, नवा बसवला, तवा जुन्याला काय टाकून दिलं का? शेजारी हाय की अजून. नाव एकच, निवद दोघांना. मग म्हटलं याचं बी तसंच." त्यानं वर बघितलं. "माझं काय चुकलं का?"

"नाही. पण कोणी सांगितलं त्याला?"

"ते तुम्ही मला इचारू नका."

नाव बदलायला यंत्राच्या आत शिरावं लागतं. नव्याचा परवलीचा शब्द कंपनीच्या माणसापाशी, आणि तो फोन उचलेना. जुन्याचा मंदारपाशी. मी तरीही चार शब्द घालून पाहिले, रामाची नावं, आईचं नाव, अप्पांचं. दार उघडलं नाही. आता एकच उरलं होतं, कोनाड्यातलं बटण.

हात तिथपर्यंत गेला आणि मागे आला. कोणाला न सांगता बंद केलं असतं तर? चित्रात काकूंना पहिलं दिसणार होतं तेच. राम आणि दिवा, त्यांनी अप्पांना कबूल केलं होतं. आणि मी त्यांना.

मी घाटाकडे गेले. पायऱ्यांवर ऊन चढलं होतं, दगड तापले होते, आणि मी चपला मंडपातच विसरले होते.

"काकू," मी म्हटलं, "एक विचारायचंय."

"झालं का चालू?"

"नाही. काकू, ते... मंदारचं यंत्र मध्ये येतंय."

"म्हणजे?"

मी सांगितलं. त्याच्याच शब्दांत सांगितलं, पंगत, दार, जागा. त्यांना ते शब्द माहीत होते. त्यानं त्यांनाही तसंच समजावलं असणार. शेवटी म्हटलं, "नवं नाव वेगळं असतं तर हे झालं नसतं. कोणी तरी त्या माणसाला..."

"मीच सांगितलं गं."

मी तापल्या पायरीवर तशीच बसले.

"काल मिरजेला निघण्याआधी देवळात आले होते. तो पोरगा यंत्र लावत होता. म्हणाला, आजी, नाव काय देऊ? मी म्हटलं, तेच दे. माझ्या पोरानं ठेवलंय ते." त्यांचा आवाज चिरत होता आणि त्या तो सावरत होत्या. "मला वाटलं, नवा आला म्हणून आपल्याला बाजूला सारलं असं त्याला नको वाटायला. मीच आडवी आले होय गं यांच्या? मीच?"

"काकू, असं नका म्हणू."

"विझवल्याशिवाय नाहीच होणार?"

खाली नदीत पोरं उड्या मारत होती. मागे कर्ण्यातून बुवा म्हणत होते, दशरथाच्या महालात आता पायसाचे वाटे होतायत. म्हणजे उत्तररंग सुरू झाला होता. वेळ फार नव्हता.

"काय म्हणते वैजू?" अप्पांचा आवाज आला.

काकूंनी त्यांना काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. मधे मंदारचं नाव आलं. मग कापडाची सळसळ झाली, मोबाईल हातातून हातात गेला, आणि अप्पांचा श्वास माझ्या कानाशी आला.

"वैजू."

"अप्पा, मी शब्द दिला होता काकूंना. मी नाही करणार. आपण दुसरं काही तरी..."

"ऐक." ते थांबले. प्रत्येक वाक्यासाठी त्यांना दम गोळा करावा लागत होता. "अजून जागा दाखवतोय म्हणतेस?"

"हो अप्पा."

"जपमाळ सोडून?"

"एकशे नऊपासून."

ते हसल्यासारखं वाटलं मला.

"किती वर्षं दारात उभा आहे गं पोरगं. सगळ्यांची पंगत झाली. त्याला कोणी म्हटलंच नाही." पुन्हा दम घेतला. "जा. त्याला म्हणावं, अप्पा म्हणतात, आता तू बस."

मागे काकू रडत होत्या, तोंडात पदर धरून. ते रडणं कसं ऐकू येतं ते बायकांना माहीत आहे. मग त्यांनी मोबाईल घेतला.

"वैजू. बटण दाबण्याआधी त्याच्यावरचं फूल काढून घे. सकाळी नाही आले मी, कालचं असेल. आणि... हळू दाब."

मी मंडपात येऊन मोबाईल पुन्हा स्टँडवर चढवला. बुवा जन्माच्या जवळ पोचले होते, सगळे डोळे पाळण्याकडे. धोंडीराम तेवढा कोनाड्यापाशी उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मी कालचं सुकलेलं फूल उचललं. हिरवा दिवा लुकलुकत होता. अजूनही कोणाला तरी जागा देत होता. मी वाकून, बुवांच्या आवाजाआड, त्याला म्हटलं, "मंदार, अप्पा म्हणतायत, आता तू बस."

आणि बटण दाबलं. हळू.

स्टँडवरच्या मोबाईलवर चाक एकदा फिरलं. 'आयपी पत्ता मिळवत आहे.' मग 'जोडले.' यावेळी पुढची ओळ आली नाही. मी मिरजेला जोडून दिलं, आणि त्या छोट्या चौकोनात दवाखान्याची खोली उघडली. उशी, उशीवर अप्पांचं डोकं, आणि शेजारी काकूंचा अर्धा चेहरा.

अप्पांनी आधी कोनाड्याकडे पाहिलं. मला ते दिसलं. त्यांची नजर डावीकडे गेली, अंधाऱ्या कोनाड्यावर क्षणभर थांबली, आणि मग उजवीकडे, रामाकडे आली.

बाराचे टोल पडले. बुवांनी हात वर केले, गुलाल उडाला, सुंठवड्याची ताटं फिरू लागली, बायकांनी पाळण्याची दोरी धरली. सांगलीचा पाहुणा काळी पाचच देत होता. पाळणा सुरू झाला आणि बुवांचा आवाज पहिल्याच ओळीला फाटला. पाहुण्याला काही ते सावरता येईना. चौकोनात मी बघितलं, अप्पांचा उजवा हात चादरीवर होता. बोटं हलत होती. वर सरकत होती, अलगद, जशी नेहमी सरकायची. बुवांना ते दिसत नव्हतं, त्यांची पाठ होती. पण बुवा सावरले. कसे, ते त्यांनाही सांगता आलेलं नाही.

अप्पांनी पाळणा संपेपर्यंत साथ केली. मग डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात ते गेले.

दुसऱ्या दिवशी पारणं होतं. दारात जागा दाखवायला मी उभी राहिले, दुसऱ्या कुणालाही जमलं असतं, पण मला उभं राहावंसं वाटलं. शेवटची पंगत बसली तेव्हा बघते तर धोंडीरामनं कोनाड्याखाली एक जादा पान मांडलं होतं. तांब्या, मीठ, लिंबू, सगळं रीतीनं. वाढप्यानं विचारलं, "इथं कोण बसणार?" धोंडीराम म्हणाला, "बसलंय. वाढ तू." आणि वाढप्यानं, त्याचं भलं होवो, काही न विचारता वाढलं.

अप्पांचं दिवसकार्य झाल्यावर काकू देवळात आल्या. राउटर कोनाड्यातून काढून मांडीवर घेतला, पदरानं कुंकू पुसलं, हळदीचं बोट काही निघालं नाही. घरी नेऊन अप्पांच्या पेटीशेजारी ठेवला. मला म्हणाल्या, "दोघं झोपलेत." रिकाम्या कोनाड्यात समई ठेवली तीही त्यांनीच. पुढे काही वर्षं रोज तेल घालायला यायच्या. आता त्याही नाहीत. आता मी घालते.

बुवा उठले बघा. झांज घ्यायला हवी. पण माझं मागणं राहिलंय.

कधी कुठल्या पंगतीला जाल. लग्नाच्या, मुंजीच्या, देवळाच्या. दारात एखादा मुलगा उभा असेल, घामाघूम, ज्याला त्याला जागा दाखवत. तो तुम्हालाही म्हणेल, या, इथे बसा. तेव्हा आमच्या मंदारची एकदा आठवण काढा. आणि जेवून हात धुवायला निघालात की त्या दारातल्या मुलाजवळ मिनिटभर थांबा, आणि त्याला म्हणा, "अरे, आता तू बस."